प्रवासी छायाचित्र आणि साधनसमीक्षा : अजिंठा ते वाशीम

ताम्रपट हाती आला म्हणजे तो अस्सल आहे की बनावट, त्याचे अक्षरवळण कोणत्या काळचे आहे, त्यात मागाहून कोणी खाडाखोड केली आहे काय, असे प्रश्न इतिहासाचा अभ्यासक प्रथम विचारतो. बखर वाचताना तिचा कर्ता कोण, त्याने ती कोणासाठी लिहिली आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, याचा तो शोध घेतो. परंतु एखाद्या जुन्या देवळाचे छायाचित्र पुढे ठेवले की हाच अभ्यासक निःशंक होतो. यंत्राने जे पाहिले तेच कागदावर उतरले, अशी आपली समजूत असते. आणि ज्या छायाचित्रात फेरफार झाला असेल ते आजच्या संगणकाच्या कारागिरीचे अपत्य असून जुनी छायाचित्रे या दोषापासून मुक्त आहेत, अशी तिला जोडून दुसरीही समजूत असते. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

छायाचित्र घेतल्यानंतर, किंवा ते घेत असतानाच, त्याच्या रूपात बुद्धिपुरस्सर केलेल्या बदलास या लेखात ‘संस्करण’ ही संज्ञा वापरली आहे. प्रवासी छायाचित्रकलेच्या आरंभापासून संस्करण तिच्या सोबत आहे. म्हणून संस्करण झाले आहे की नाही, एवढाच प्रश्न अभ्यासकाने विचारणे पुरेसे नाही. संस्करण कोणते झाले, कोणत्या हेतूने झाले आणि त्याची नोंद राहिली आहे काय, हे त्याने विचारले पाहिजे. या मताच्या पुष्ट्यर्थ अजिंठ्याहून बुलढाणा, चिखली, मेहकर व लोणार या मार्गाने वाशीमपर्यंत येणारा प्रदेश उदाहरणादाखल घेतला आहे.

१. प्रदेशाची निवड

हा प्रदेश निवडण्यास एक ऐतिहासिक कारण आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याचा आहे. आणि हरिषेणाची वाकाटक शाखा ज्या नगरातून राज्य करीत होती ते वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. १९३९ साली वाशीम येथे द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात दान दिल्याचे स्थळ म्हणून वत्सगुल्माचा निर्देश असल्याने या शाखेच्या इतिहासास भक्कम आधार मिळाला. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो संग्रह १९६३ साली प्रसिद्ध केला, त्यात या शाखेची वंशावळी व कालक्रम यांची सविस्तर चर्चा आहे. तात्पर्य, अजिंठ्याची उत्तरकालीन चित्रे आणि वाशीम नगर ही एकाच राज्याची अंगे होत. आज ती दोन निरनिराळ्या जिल्ह्यांत व दोन निरनिराळ्या महसूल विभागांत पडल्यामुळे त्यांचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरे कारण भौगोलिक आहे. वऱ्हाडचे पयनघाट व बालाघाट असे दोन भाग पूर्वीपासून मानले जातात. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन हा पयनघाट, आणि अजिंठ्याच्या डोंगरांना लागून दक्षिणेस पसरलेले पठार हा बालाघाट. वाशीम हे या पठारावरचे नगर. अकोल्याहून पातूरचा घाट चढून मेडशी-मालेगावमार्गे वाशीमला यावे लागते. घाट चढला की काळ्या दगडाचे उंचवटे, सागाची विरळ राने, मधूनच पाणथळ आणि वर विस्तीर्ण आकाश असे दृश्य नजरेस पडते. पैनगंगा व काटेपूर्णा या नद्यांनी हा प्रदेश विभागला आहे. काळा पाषाण व उजळ आकाश यांचा हा विरोध डोळ्यांस सुखावणारा खरा. परंतु प्रारंभीच्या छायाचित्रकारांना हाच विरोध सर्वांत अवघड गेला. तो का, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२. काचेवरील चित्र आणि त्याच्या मर्यादा

या मार्गाच्या पश्चिम टोकास छायाचित्रकलेचा आरंभ रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यापासून होतो. मद्रासच्या सैन्यातील हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. जेम्स फर्ग्युसन याने १८४३ मध्ये लेण्यांविषयी वाचलेल्या निबंधामुळे कंपनी सरकारचे लक्ष या चित्रांकडे वेधले गेले होते. गिल याने तैलरंगात केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनला रवाना झाल्या. तेथे त्या सिडनहॅमच्या स्फटिकप्रासादात मांडल्या असता डिसेंबर १८६६ मधील आगीत बहुतेक नष्ट झाल्या. मधल्या काळात गिल छायाचित्रणाकडे वळला होता. त्याने घेतलेल्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ फर्ग्युसनच्या विवेचनासह १८६४ साली लंडनमध्ये निघाले. त्यांपैकी लेण्यांविषयीच्या ग्रंथात ७४ छायाचित्रे आहेत. दुसऱ्या ग्रंथात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची १०० जोडचित्रे आहेत. ही दुहेरी भिंगाच्या उपकरणातून पाहिली असता दृश्यास खोली आल्याचा भास होतो.

ज्या पद्धतीने त्या काळी चित्रे घेतली जात, ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केली होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, थर ओला आहे तोच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि तो वाळण्यापूर्वीच धुऊन काढावयाचे, असा हा क्रम होता. सारे काम काही मिनिटांत उरकावे लागे. त्यामुळे प्रवासी छायाचित्रकारास अंधारा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि स्वच्छ पाणी एवढा संभार बरोबर न्यावा लागे. वैशाखातील उन्हात थर पाहता पाहता वाळत असे. धूळ बसली तर तिचा कण न् कण चित्रात उमटे. चित्र कोठून घ्यावयाचे याचा निर्णयही पुष्कळदा सौंदर्यदृष्टीपेक्षा तंबू कोठे उभा राहील आणि पाणी कोठे मिळेल यावर होत असे. एखाद्या देवळाची एकच बाजू वारंवार छायाचित्रांत का दिसते, याचे उत्तर शोधताना ही गोष्ट विसरता कामा नये.

याहून महत्त्वाची मर्यादा रंगांची होती. कलोडियनचा थर निळ्या व जांभळ्या प्रकाशास अतिशय संवेदनशील, तर तांबड्या व पिवळ्या प्रकाशास जवळजवळ आंधळा असतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम असा की, काळ्या पाषाणाचे देऊळ नीट उमटावे इतका वेळ काच उघडी ठेवली तर निळे आकाश त्या वेळात करपून जाते आणि ढग असले तरी उमटत नाहीत. छापलेल्या चित्रात देवळामागे केवळ पांढरा कोरा कागद उरतो. दुसरा परिणाम असा की, काव, गेरू यांसारखे मातीचे तांबडे-पिवळे रंग चित्रात काळपट येतात आणि निळा रंग पांढुरका येतो. अजिंठ्याच्या चित्रांत काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि निळ्या लाजवर्दाची पूड यांचा उपयोग केलेला आहे. म्हणजे त्या काळच्या काचेवर या चित्रांतील रंगांचे परस्परसंबंध उलटेच होणार. कॅमेरा हाती असतानाही चित्रांसाठी कुंचल्याचाच आधार का घ्यावा लागला, याचे एक कारण यात सापडते.

कोऱ्या आकाशावर छायाचित्रकारांनी दोन उपाय काढले. काहींनी काचेवरील आकाशाचा भाग अपारदर्शक रंगाने झाकून टाकला. त्यामुळे डाग झाकले जात व आकाश स्वच्छ पांढरे येई. दुसऱ्यांनी आकाशाची वेगळी काच घेऊन ती दृश्याच्या काचेशी जुळवून एकाच कागदावर छापली. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी दृश्ये प्रसिद्ध केली, त्यांतील काहींत समुद्र एका काचेवरचा आणि आकाश दुसऱ्या काचेवरचे आहे. हे संस्करण फसवणुकीच्या बुद्धीने झालेले नव्हते. यंत्राला जे दिसत नव्हते ते डोळ्यांना दिसत होते, आणि डोळ्यांचा अनुभव कागदावर यावा म्हणून ही युक्ती योजिली गेली. तथापि परिणाम असा झाला की, चित्रातील ढग त्या दिवसाचे नाहीत आणि काही वेळा त्या ठिकाणचेही नाहीत.

३. मुंबईतील जोडचित्रे

गिल अजिंठ्याच्या दऱ्यांत एकाकी काम करीत असताना मुंबईत या कलेस संघटित रूप येत होते. १८५४ साली तेथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढाकार घेणाऱ्या हिंदी सभासदांपैकी होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले व त्यांची छायाचित्रे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात गेली.

याच मंडळींच्या वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील रहिवासी व प्रवासी जातीजमातींविषयी दोन भागांचा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. मानवशास्त्राच्या दृष्टीने हा आरंभीचा छायाचित्रग्रंथ म्हणून त्याचा उल्लेख होतो. परंतु त्यातील पुष्कळ चित्रांत माणसे एका काचेवर आणि त्यांच्या मागील देऊळ, रस्ता अथवा समुद्रकिनारा दुसऱ्या काचेवर घेतलेला असून दोन्ही जुळवून एक चित्र तयार केलेले आहे. माणसे चित्रशाळेत उभी राहिली, आणि वाचकास मात्र ती आपल्या नित्याच्या परिसरात उभी आहेत असे वाटले.

या जोडचित्रांचे साधन म्हणून मूल्य काय? वेषभूषा, अलंकार, पागोट्याची बांधणी यांसंबंधी ही चित्रे उत्तम पुरावा आहेत. कारण ती माणसे खरोखर तशीच कॅमेऱ्यापुढे आली होती, निदान त्यांना तसे उभे केले होते. मागील वास्तूसंबंधीही ती पुरावा आहेत. पण ही माणसे त्या वास्तूशी संबंधित होती, तेथे वावरत होती, हा जो तिसरा अर्थ चित्रातून सूचित होतो त्यास मात्र कोणताही आधार नाही. म्हणजे एका चित्रात दोन सत्ये आणि एक कल्पित एकत्र नांदते. चित्र ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा सरसकट निकाल न देता त्यातील कोणते विधान कशाच्या आधारावर उभे आहे हे वेगळे काढणे, ही साधनसमीक्षेची पहिली पायरी होय.

४. शिरपूर : नावाचे व रूपाचे संस्करण

आता या मार्गाच्या पूर्व टोकाकडे, म्हणजे प्रत्यक्ष वाशीम जिल्ह्याकडे वळू. वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची पद्धतशीर नोंद हेन्री कझिन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या नावाशी निगडित आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडातील अवशेषांची त्याने केलेली यादी १८९७ साली, आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्याचा सचित्र ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. लोणार, मेहकर व शिरपूर येथील मंदिरे या ग्रंथात येतात. यादी निघाली तेव्हा वाशीमला लोहमार्ग नव्हता. अकोल्यापर्यंत आगगाडी व पुढे घाटरस्ता, हाच सरळ मार्ग होता. एव्हाना ओल्या काचेची जागा कोरड्या काचेने घेतली होती व अंधारा तंबू बरोबर नेण्याची गरज उरली नव्हती. तरीही काचांचा भार व त्या फुटण्याचे भय कायम होते.

शिरपूर हे मालेगाव तालुक्यातील गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या स्थानामुळे जैन समाजात सर्वत्र प्रसिद्ध आहे. मूर्ती जमिनीस न टेकता अधांतरी आहे, ही श्रद्धा तिच्या नावातच आहे. या स्थानाच्या छायाचित्रांचा उपयोग करताना अभ्यासकास तीन ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिले ठिकाण नावाचे. कझिन्सच्या यादीचा विस्तार मध्यप्रांत व वऱ्हाड असा असल्याने शिरपूर अथवा सिरपूर या नावाखाली दोन प्रख्यात स्थळे येतात : एक हे, आणि दुसरे लक्ष्मण मंदिराचे, आज छत्तीसगड राज्यात असलेले. खानदेशातील शिरपूर आणखी वेगळे. शिवाय वऱ्हाडातील शिरपूर १९०५ पर्यंत बासीम जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत तो जिल्हा मोडून ते अकोला जिल्ह्यात गेले. आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा नव्याने निर्माण झाल्यावर ते या जिल्ह्यात आले. एकाच देवळाचे चित्र संग्रहालयात तीन निरनिराळ्या जिल्ह्यांच्या नावाखाली सापडू शकते. चित्रावर कोणी हात फिरविला नाही तरी त्याखालील ओळ बदलली की चित्राचा अर्थ बदलतो. म्हणून मथळ्यातील बदल हेही एक प्रकारचे संस्करणच समजले पाहिजे.

दुसरे ठिकाण वास्तूचे. शिरपुरात दोन मंदिरे आहेत. गावाबाहेरील जुने, कोरीव दगडी बांधणीचे मंदिर ‘पवळी’ या नावाने ओळखले जाते. पूजेतील मूर्ती मात्र गावातील मंदिरात आहे. वास्तुकलेच्या अभ्यासकांचा कॅमेरा साहजिकच पहिल्याकडे वळला, भाविकांची दृष्टी दुसऱ्याकडे. ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर’ एवढाच मथळा असलेले चित्र या दोहोंपैकी कोणाचे, हे बांधणी पाहूनच ठरवावे लागते.

तिसरे ठिकाण सर्वांत नाजूक आहे. या स्थानाच्या व्यवस्थेविषयी व पूजेविषयी दिगंबर व श्वेतांबर या दोन पंथांत दीर्घकाळ वाद चालला. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेण्यात आल्या होत्या; तरीही मूर्तीस दिला जाणारा लेप आणि त्यात दाखविली जाणारी कटिसूत्रासारखी चिन्हे यांवरून वाद पुन्हा उभा राहिला. तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला व तेथील निर्णय १९२९ साली लागला. त्यानंतरही कलह शमला नाही. १९८१ पासून मंदिर बंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली, म्हणजे ४२ वर्षांनी, ते उघडले. कोणाची बाजू न्याय्य याचा विचार करणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु ज्या स्थानी मूर्तीच्या अंगावरील एका रेषेचे असणे वा नसणे हाच न्यायालयीन प्रश्न झाला, त्या स्थानाच्या चित्रात ती रेषा ठळक करणे अथवा पुसट करणे यास ‘सजावट’ म्हणून सोडून देता येईल काय? चित्र खुलावे म्हणून प्रकाश वाढविणारा, छाया उजळणारा, खरबरीत पृष्ठ गुळगुळीत करणारा प्रवासी नकळत एका साक्षीत ढवळाढवळ करीत असतो. छायाचित्राच्या विश्वसनीयतेत काय पणाला लागलेले असते, हे शिरपूरइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही स्थळी दिसत नाही.

५. अजिंठ्याचे रंग आणि पुनर्रचना

चित्राचे संस्करण होते तसेच कधी मूळ वस्तूचेही होते, आणि मग दोन काळांतील छायाचित्रांची तुलना अधिकच अवघड होते. याचे उदाहरण पुन्हा अजिंठ्यातच आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात नव्याने नकला केल्या. त्यांतीलही बऱ्याच लंडनमध्ये आगीत जळाल्या. पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावून चित्रांचे सुटलेले पापुद्रे घट्ट करविले. त्या कामात चित्रांवर लाखेचे रोगण देण्यात आले. कालांतराने हे रोगण पिवळे पडले आणि चित्रांवर तांबूस-पिवळी झाक आली; ती काढण्याचे काम पुढे पुरातत्त्व खात्यास करावे लागले. गुलाम याझदानी यांनी संपादिलेले अजिंठ्याचे रंगीत छायाचित्रांचे भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले. ती छायाचित्रे या रोगणानंतरची आहेत. त्यांतील उबदार रंगछटा पाचव्या शतकातील चित्रकाराची किती आणि विसाव्या शतकातील लाखेची किती, हा प्रश्न ते भाग चाळणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारला पाहिजे.

आपल्या काळात या प्रश्नास निराळे वळण मिळाले आहे. नाशिकचे छायाचित्रकार व चित्रकार प्रसाद पवार यांनी या भित्तिचित्रांची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन, गळून पडलेले व काळवंडलेले भाग संगणकाच्या साहाय्याने पुन्हा भरून काढण्याचे काम अनेक वर्षे चालविले आहे. भिंतीस हात न लावता, शेजारच्या अवशिष्ट रेषा व त्याच शैलीतील अन्य आकृती यांच्या आधारे नष्ट भाग कसा असावा याची कल्पना पडद्यावर साकार करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. मूळ चित्र अबाधित राहते हा या पद्धतीचा मोठा गुण होय. लाखेचे रोगण भिंतीवर चढले ते चढलेच. पडद्यावरील रंग मात्र केव्हाही बाजूस सारता येतो.

शिलालेखांच्या संपादकांनी या बाबतीत फार पूर्वीच एक दंडक घालून दिला आहे. शिलालेखातील अक्षरे झिजून गेली असतील तर संपादक संदर्भावरून ती भरतो, परंतु भरलेली अक्षरे चौकटी कंसात घालतो. वाचकास दगडावर काय आहे आणि संपादकाच्या बुद्धीतून काय आले आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते. मिराशींनी वाकाटकांचे लेख संपादिताना हाच दंडक पाळला. चित्राच्या पुनर्रचनेसही असा कंस असला पाहिजे. मूळ छायाचित्र व पुनर्रचित चित्र शेजारी शेजारी छापले, भरलेला भाग सूक्ष्म रेषेने वेगळा दाखविला, तर पुनर्रचना अभ्यासास साहाय्यकारी होते. तसे न करता केवळ पूर्ण झालेले चित्र प्रसृत झाले, तर पुढील पिढी त्यालाच मूळ समजेल.

६. लोणारचा रंग आणि आजचा प्रवासी

वाशीम जिल्ह्याच्या सीमेलगत, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे उल्काविवर आहे. त्यातील सरोवराचे पाणी एरवी हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली. ज्याने सरोवर स्वतः पाहिले नव्हते त्यास केवळ चित्रावरून एवढेही ठरविता येत नव्हते की हा रंग पाण्याचा आहे की चित्रावरील संस्काराचा. अखेर पाण्याचे नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या परीक्षणात खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचे दिसून आले. चित्र खरे होते. पण ते खरे ठरले ते चित्राबाहेरील पुराव्याने. संस्करण इतके सुलभ झाल्याचा हा दुसरा तोटा होय : खोटे चित्र खरे मानले जाते, एवढेच नव्हे तर खऱ्या चित्रावरचाही विश्वास उडतो.

ही सुलभता किती वाढली आहे, याची कल्पना एका गोष्टीने येईल. ल ग्रे याने दोन काचा जुळवून जे साधले ते करण्यास कौशल्य, वेळ व पैसा लागत असे. १९९० साली फोटोशॉप ही संगणक-प्रणाली बाजारात आली, आणि २०२० साली तिच्यात एका आज्ञेसरशी आकाश बदलण्याची सोय झाली. खिशातील दूरध्वनी तर एकाच क्षणी अनेक चित्रे घेऊन, त्यांतील उजळ व काळोखे भाग आपणच जुळवून एक चित्र हाती देतो. म्हणजे काळे देऊळ व उजळ आकाश हा जो पेच प्रारंभीच्या छायाचित्रकारांपुढे होता, तो यंत्राने सोडविला. परंतु यंत्राने काय केले याचा पत्ता चित्र घेणाऱ्यासही लागत नाही.

दुसरीकडे प्रवासही बदलला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा मार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो. जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळवीट, पोहरादेवीचे बंजारा समाजाचे तीर्थ, वाशीमचे बालाजी मंदिर व पद्मतीर्थ ही स्थळे पूर्वी मुद्दाम वाट वाकडी करून येणाऱ्यांनाच दिसत. आता ती अनेकांच्या टप्प्यात आली आहेत. मोटारीने जाणारा प्रवासी क्षणभर थांबतो, चित्र घेतो, त्याचे रंग गडद करतो, विजेच्या तारा व फलक पुसून टाकतो आणि ते आप्तांना पाठवून देतो. त्यात त्यास आनंद आहे, आणि त्या आनंदाबद्दल तक्रार करण्याचे इतिहासकारास कारण नाही. मात्र त्याने पुसलेली विजेची तार, देवळाच्या शिखरावर चढलेला नवा रंग, तळ्याच्या काठचा राडारोडा हीच शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकास हवी असलेली माहिती असण्याचा पुष्कळ संभव आहे. कझिन्सच्या छायाचित्रांत देवळाच्या भिंतीवर उगवलेली झाडे दिसली, तर ती मंदिराच्या शोभेत भर घालीत नाहीत. परंतु मंदिराची तत्कालीन अवस्था आपणांस तीच सांगतात.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून संस्करणाचे तीन प्रकार संभवतात. यंत्राची उणीव भरून काढण्यासाठी केलेले, उदाहरणार्थ झाकलेले किंवा जोडलेले आकाश. अर्थ सुचविण्यासाठी केलेले, उदाहरणार्थ जॉन्सनची जोडचित्रे. आणि नष्ट झालेले पुन्हा उभे करण्यासाठी केलेले, उदाहरणार्थ अजिंठ्याच्या चित्रांची संगणकीय पुनर्रचना. पहिल्या प्रकारात अभ्यासकाने तंत्राचा इतिहास जाणावा, दुसऱ्यात चित्रकर्त्याचा हेतू तपासावा आणि तिसऱ्यात मूळ व भर यांची सीमा मागावी. तिन्हींना समान असलेली कसोटी एकच : बदलाची नोंद राहिली आहे काय?

या दृष्टीने आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी क्षेत्रीय अभ्यासास जाताना काही साधे नियम पाळणे इष्ट आहे. प्रत्येक स्थळाचे पहिले चित्र जसे घेतले तसे, कोणताही संस्कार न करता, जपून ठेवावे. सुंदर प्रत हवी असल्यास ती त्यावरून वेगळी करावी. चित्रासोबत गाव, तालुका, जिल्हा, दिनांक, वेळ व कोणत्या दिशेस तोंड करून चित्र घेतले ते वहीत लिहावे. चित्रात यंत्राने आपोआप केलेली नोंद संदेशांतून पाठविताना बहुधा गळून पडते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. मापासाठी एखादी पट्टी चित्राच्या कडेस ठेवावी. मथळ्यात आजच्या जिल्ह्याबरोबर जुन्या जिल्ह्याचेही नाव द्यावे. शिरपूरसारख्या स्थळी मूर्तीचे चित्र घेण्यास अनुमती आहे काय हे प्रथम विचारावे, आणि अनुमती मिळाल्यास त्या चित्राच्या प्रकाशछायेतही फेरफार करू नये.

वत्सगुल्माच्या राजांनी आपली दाने ताम्रपटांवर कोरून ठेविली, म्हणून त्यांचे राज्य आपणांस कळले. त्यांच्या नगराची व त्यांच्या प्रदेशाची आजची स्थिती ताम्रपटावर कोणी कोरणार नाही. ती येथून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या छायाचित्रांतच राहणार आहे. ताम्रपटास आपण जे प्रश्न विचारतो ते या छायाचित्रांसही विचारण्याची वेळ पुढील अभ्यासकांवर येईल. त्या वेळी उत्तर देण्यापुरती नोंद मागे ठेवणे आपल्या हाती आहे.